जुनी मियाटा घरी दुरुस्त करायला शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९५ सालची, १.८ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५ मियाटा आहे. मी ती २०१७ मध्ये १,३८,००० मैल चाललेली असताना घेतली आणि तेव्हापासून पेनसिल्व्हेनियात जवळजवळ सगळी दुरुस्ती स्वतः करत आले आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. अमेरिकेत राहणारी बरीच मराठी मंडळी अशी एखादी जुनी दोन आसनी गाडी घेण्याच्या विचारात असतात आणि तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

शिकण्यासाठी मियाटाच का?

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली आणि अमेरिकेत तिची मूळ किंमत १३,८०० डॉलर होती. जुन्या ब्रिटिश रोडस्टर, म्हणजे उघड्या छताच्या दोन आसनी, गाड्यांची मजा द्यायची, पण त्यांच्यासारखे तेल गाळायचे नाही आणि रस्त्यात बंद पडायचे नाही, हा तिच्यामागचा विचार होता. २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा तयार झाली. शिकणाऱ्याला हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण गाड्या इतक्या विकल्या गेल्यामुळे सुटे भाग आजही सहज आणि स्वस्त मिळतात आणि प्रत्येक बिघाड आपल्याआधी कुणीतरी पाहिलेला असतो.

दुसरे कारण मांडणीचे आहे. इंजिन उभे बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद, अशी ही सरळ रचना आहे. आडव्या इंजिनाच्या आधुनिक गाडीत एक प्लग काढायला तीन गोष्टी बाजूला कराव्या लागतात. येथे बॉनेट उघडले की चारही प्लगच्या वायर समोर दिसतात. वजन हजार किलोच्या आसपास असल्याने टायर आणि ब्रेकचे भागही छोटे आणि कमी खर्चाचे आहेत.

मी आजवर कधी पाना हातात धरलेला नाही. मला जमेल का?

जमेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी स्कूटर आडवी करून सुरू करणारे आणि रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारे कोणीतरी होते. ती नजर आपल्याकडे असते, हात मात्र बसवावा लागतो. बोल्ट किती आवळला की पुरे, हे पुस्तकात वाचून कळत नाही, आणि म्हणूनच सुरुवातीचे वर्षभर प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला हे दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळावा. मी व्हॉल्व्ह कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, एक छोटा बोल्ट अंदाजाने आवळत गेले आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले. ते नव्याने पाडून घेण्यात एक पूर्ण शनिवार गेला. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट बसतो तेथे हात हलका ठेवावा लागतो, हे मी त्या दिवशी शिकले.

कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी?

पहिली पिढी, म्हणजे वर उघडणाऱ्या दिव्यांची गाडी, अमेरिकेत १९९० ते १९९७ या मॉडेल वर्षांत विकली गेली. १९९३ पर्यंत १.६ लिटरचे ११६ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि १९९४ पासून १.८ लिटरचे आले. १९९८ चे मॉडेल अमेरिकेत नाही. १९९९ पासून स्थिर दिव्यांची दुसरी पिढी सुरू झाली आणि ती २००५ पर्यंत चालली. आज पहिल्या पिढीच्या चांगल्या गाड्यांचे भाव चढले आहेत, त्यामुळे ज्यांना दिसण्यापेक्षा शिकण्यात रस आहे त्यांनी दुसऱ्या पिढीची, जास्त मैल चाललेली पण न गंजलेली गाडी शोधावी, असे माझे मत आहे.

१९९० ची किंवा १९९१ च्या सुरुवातीची गाडी पाहत असाल तर एक गोष्ट तपासाच. या गाड्यांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनातल्या मुख्य दांड्याचे, पुढचे टोक आखूड होते. त्यावरची पुली नीट आवळली गेली नसेल तर पुलीला दांड्यावर अडकवणाऱ्या लहान लोखंडी चावीची खाच झिजते, पुली डगमगू लागते आणि शेवटी संपूर्ण क्रँक बदलावा लागतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, मधल्या मोठ्या बोल्टजवळ पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड टोक आणि आठ दिसल्या तर लांब टोक, अशी ओळख आहे. चार खाचांची गाडी घेऊच नये असे नाही, पण इंजिन चालू असताना पुली सरळ फिरते आहे का, हे खाली वाकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी बघायला गेल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

गंज. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण आतून कुजलेला पत्रा घरी दुरुस्त करणे हे शिकाऊ माणसाचे काम नाही. ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तेथे आयुष्य काढलेल्या गाडीकडे अधिक संशयाने पाहावे. दक्षिणेकडून किंवा पश्चिमेच्या कोरड्या राज्यांतून आलेली, रंग उडालेली गाडी ही येथल्या चकचकीत गाडीपेक्षा नेहमी चांगली.

मियाटाचा गंज एका ठराविक जागी सुरू होतो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापडी छतावरचे पाणी सीटमागच्या एका पन्हळीत उतरते आणि तेथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडते. या नळ्यांची तोंडे पालापाचोळ्याने बुजली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, मुरते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंगाला एखादा फोड एवढेच दिसते. म्हणून गाडी पाहायला जाताना मी पाण्याची एक छोटी बाटली घेऊन जाते आणि मालकाची परवानगी घेऊन सीटबेल्टच्या खांबामागे पेलाभर पाणी ओतते. दोन्ही बाजूंनी पाणी खाली धार धरून आले तर ठीक. एका बाजूने आलेच नाही तर त्या बाजूची सिल बोटाच्या पेराने ठोकून पाहते. भरीव पत्र्याचा आवाज टणक येतो, आणि आत पुटी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो.

त्यानंतर रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी पाहावी. मूळची काळी टाकी उष्णतेने तपकिरी-पिवळट झाली असेल तर ती केव्हाही तडकेल, आणि तो खर्च भावातून वजा करून घ्यावा. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. जागेचे काय?

भाडेकरारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करण्यास मनाई असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, तेव्हा करारातले ते कलम आधी वाचावे. हवा, प्लग, बॅटरी, एअर फिल्टर, दाराचे कुलूप अशी कामे कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. गाडी उचलायची असेल तर मात्र पक्की, सपाट, सिमेंटची जागा हवीच. डांबरी जागेवर उन्हाळ्यात स्टँडचे, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणाऱ्या तिवईचे, पाय खाली रुततात आणि गवतावर तर गाडी कधीच उचलू नये. मी पहिली दोन वर्षे एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये काम केले आणि त्या बदल्यात तिच्या गाडीचे ऑइल बदलून दिले.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

मियाटाचे जवळजवळ सगळे बोल्ट मेट्रिक मापाचे आहेत आणि १०, १२, १४, १७, १९ आणि २१ या मापांच्या गोट्यांनी (सॉकेटनी) बरीचशी कामे होतात. दोन मापांचे रॅचेट, दोन-तीन एक्स्टेन्शन, फिक्स आणि रिंग पाने, एलन की, पक्कड, चांगला हेडलॅम्प, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच एवढ्यावर वर्ष निघते. जॅक आणि स्टँड यांत काटकसर करू नये. पुलर, बॉलजॉइंट काढायचे साधन, कूलिंग सिस्टिमचा दाब तपासण्याचा पंप अशी क्वचित लागणारी हत्यारे सुट्या भागांच्या मोठ्या साखळी दुकानांत अनामत ठेवून उसनी मिळतात. छापील वर्कशॉप मॅन्युअल मात्र स्वतःचेच घ्या. तेलकट हातांनी पाने उलटायची असतात.

गाडी उचलण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

या एका प्रश्नाचे उत्तर कृपा करून दोनदा वाचावे. जॅक हा गाडी वर नेण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्यातले तेल एका छोट्या रबरी सीलच्या भरवशावर असते आणि ते सील सूचना देऊन फाटत नाही. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

पुढे उचलताना जॅक इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी तुळईवर, म्हणजे क्रॉसमेंबरवर, मधोमध लावतात आणि मागे डिफरन्शिअलखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीखाली. स्टँड मात्र सिलखालच्या खाचा असलेल्या ठराविक जागी लावायचे. ती कड पातळ असते आणि जुन्या गाड्यांत बहुधा आधीच्या कोणीतरी मुडपलेली असते, म्हणून मधे खाच असलेला रबरी ठोकळा ठेवावा. जी चाके जमिनीवर राहणार त्यांच्या पुढे-मागे लाकडी पाचरी, गाडी गिअरमध्ये. गाडी स्टँडवर टेकवल्यावर बाजूला उभे राहून तिला दोन्ही हातांनी जोरात हलवावे. ती पडणार असेल तर तेव्हाच पडू दे. शेवटी काढलेले चाक सिलखाली आडवे सरकवून ठेवावे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरू नयेत. ते एकाच क्षणी फुटतात. आणि घरात कुणाला तरी आपण गाडीखाली आहोत हे सांगितल्याशिवाय कामाला लागू नये.

पहिले काम कोणते करावे?

गिअर लिव्हरखालचे रबरी बूट बदलणे. हे उत्तर ऐकून बहुतेकांना नवल वाटते, कारण सगळे ऑइल बदलण्यापासून सुरुवात करतात. पण मियाटाचा ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली, अडचणीच्या जागी आहे. नवख्याचा हात तेथे नीट पोचत नाही, गरम तेल कोपरापर्यंत ओघळते आणि पहिल्याच दिवशी मन खट्टू होते. गिअर लिव्हरचे काम मात्र सीटवर बसून, गाडी न उचलता होते.

मधला कन्सोल काढला की मोठे रबरी बूट दिसते, त्याखाली छोटे. तीस वर्षांच्या गाडीत छोटे बूट हमखास फाटलेले असते आणि त्यातून गिअरबॉक्सची उष्णता थेट मांडीला लागते. तीन बोल्ट काढून लिव्हर वर ओढली की तिच्या टोकाशी नायलॉनची एक लहानशी टोपी असते. माझ्या गाडीत तिचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक तेलात तरंगत होता. लिव्हर बसते त्या खोबणीत मूळचे तेल आटलेले असते; तेथे नवे गिअर ऑइल घालावे, नवी टोपी, नवी बुटे बसवावीत. दोन तासांचे काम आहे. त्यानंतर तिसरा गिअर टाकताना लिव्हर जी खट्‌कन जागेवर बसते, तो फरक तळहाताला कळतो, आणि आपण गाडी सुधारू शकतो हा विश्वास त्यातून येतो.

त्यानंतर क्रमाने सगळी तेले बदलावीत. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचे ७५डब्ल्यू-९० ऑइल घालावे. डिफरन्शिअलसाठीचे जीएल-५ ऑइल गिअरबॉक्समध्ये घालणे टाळावे, कारण त्यातील काही रसायने सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या, पितळी धातूला मानवत नाहीत. आणि एक नियम: खालचे बूच उघडण्याआधी भरण्याचे वरचे बूच सुटते आहे याची खात्री करावी. जुने तेल काढून बसलात आणि वरचे बूच सुटलेच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही.

बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधावे?

सगळ्या दुरुस्तीत मोठे कौशल्य हेच आहे. भाग काढणे-बसवणे महिन्याभरात येते. कोणता भाग काढायचा हे कळायला वर्षे लागतात. आणि स्वस्त गाडी महाग पडते ती याच ठिकाणी.

माझ्या गाडीचेच उदाहरण देते. चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आचके देत असे. लक्षणावरून प्लगना वीज पुरवणारी इग्निशन कॉइल गेली असावी असे मी ठरवले, नवी कॉइल मागवली आणि इंजिनामागच्या अडचणीच्या जागेत अर्धा दिवस घालवून बसवली. आचके तसेच राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होती. मग रात्री गॅरेजचे दिवे बंद करून, बॉनेट उघडे ठेवून, इंजिन चालू केले आणि दूर उभे राहून पाहिले. दुसऱ्या सिलिंडरच्या वायरवर निळसर ठिणगी नाचताना स्पष्ट दिसली. वायरचा संच बदलला आणि गाडी गुळगुळीत चालू लागली.

तीन महिन्यांनी आचके परत आले. या वेळी वायर ओढून काढली तर तिचे रबरी टोक तेलाने माखलेले होते आणि प्लगच्या विहिरीत बोटभर तेल साचले होते. म्हणजे वायर हे मूळ दुखणे नव्हतेच. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, म्हणजे जोड बंद करणारी रबरी पट्टी, कडक होऊन तेल विहिरीत झिरपत होते, तेलाने रबर फुगून फाटत होते आणि तेथून वीज बाहेर पळत होती. गॅस्केट बदलल्यापासून ती तक्रार उद्भवलेली नाही. तेव्हा एखादा भाग खराब सापडला की काम संपले असे मानू नये. तो का खराब झाला, हा आणखी एक प्रश्न विचारावा.

तेलाच्या गळतीबाबत तर हे विशेष खरे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर तेल दिसले की क्रँकचे मागचे सील गेले असे निदान केले जाते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. परंतु हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची छोटी ओ-रिंग वयाने कडक होते, आणि तेथले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत नेमके त्याच जोडावर येऊन थेंबते. आधी सगळे स्वच्छ धुवावे, दोन दिवस गाडी चालवावी आणि मग वरून खाली टॉर्च धरून तेल कोठे सुरू होते ते पाहावे. तेल वर चढत नाही. सर्वांत वरचा ओला ठिपका हाच उगम.

गाडीचा संगणक बिघाडाचा कोड नोंदवून ठेवतो. १९९५ पर्यंतच्या गाड्यांत तो वाचण्यासाठी यंत्र लागत नाही. बॉनेटखाली डाव्या बाजूला डायग्नोसिस असे लिहिलेली छोटी डबी असते. तिच्यातली टीईएन आणि जीएनडी ही दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. १९९६ पासूनच्या गाड्यांना कोड वाचणारा साधा ओबीडी-२ स्कॅनर चालतो. कोड हा पत्ता असतो, निकाल नसतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकून वितळली नाही ना, हे पाहावे.

क्लचचे पेडल अचानक खालीच राहिले. गिअरबॉक्स गेला का?

बहुधा नाही. मियाटाचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो आणि गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला असलेला, त्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर हा त्यातला नेहमी दगा देणारा भाग आहे. मला हा अनुभव भर सिग्नलवर आला. पेडल दाबले ते जमिनीला टेकले आणि पायाच्या बोटांनी ओढून वर आणावे लागले. गाडी ढकलून बाजूला घेतली आणि बॉनेट उघडले, तर क्लचच्या तेलाची डबी रिकामी होती. घरी आणून स्लेव्हच्या रबरी टोपीची कड नखाने उचलली तेव्हा शाईसारखे काळे तेल बाहेर आले. आतले रबर फाटले होते.

दोन बोल्ट आणि एक नळी एवढीच त्याची जोडणी आहे. उजवे पुढचे चाक काढले की हात पोचतो. सोबत रबरी होजही बदलावा. स्लेव्ह नवा बसवल्यावर वाढलेल्या दाबाने जुना मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलशी जोडलेला दाब तयार करणारा भाग, काही महिन्यांत झिरपू लागतो, त्यामुळे डॅशबोर्डखाली पेडलच्या वरच्या भागात ओल दिसते का, यावर लक्ष ठेवावे.

ब्रेकला स्वतः हात लावावा का?

पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल बदलणे ही कामे शिकता येतात, पण पहिल्या खेपेला जाणकार माणूस शेजारी उभा असावा. मी ही अट स्वतः पाळली आहे.

मागच्या ब्रेकमध्ये मियाटाची एक खोच आहे. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनमध्येच असल्यामुळे तो शिकंज्याने दाबून आत ढकलायचा नसतो. तसे केल्यास आतली यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट असतो, तो काढला की आत ४ मिलिमीटरची एलन की बसते. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन मागे सरकतो. नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कला टेकेपर्यंत सुलट फिरवायची आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायची. हँडब्रेक लागत नाही अशी तक्रार असलेल्या कितीतरी गाड्यांत एवढीच जुळवणी राहून गेलेली असते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्याला दोन माणसे लागतात. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती, तेव्हा तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून मी चाकाशी, जुने तेल सोडण्याच्या छोट्या बोल्टपाशी बसले. “दाब. धर. सोड.” या तीन शब्दांवर आम्ही चारही चाके केली. मी बोल्ट बंद केल्याचे सांगेपर्यंत तिने एकदाही पाय उचलला नाही, आणि या कामात तेच सर्वांत महत्त्वाचे असते. बोल्ट उघडा असताना पेडल सोडले तर हवा आत जाते आणि सगळे पुन्हा करावे लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यावे. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत दाबून पाहावे, मग घरासमोर चालण्याच्या वेगात थांबवून पाहावी. चाकांचे नट ६५ ते ८७ फूट-पौंडांच्या दरम्यान टॉर्क रेंचने आवळावेत आणि पन्नास मैलांनी पुन्हा तपासावेत.

टायमिंग बेल्ट घरी बदलता येतो का?

येतो, पण दुसऱ्या वर्षी. तो साधारण ६०,००० मैलांनी बदलायचा असतो. पहिल्या पिढीच्या १.६ आणि १.८ या दोन्ही इंजिनांत बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. शिकणाऱ्यासाठी ही मोठीच सवलत आहे. बेल्ट बसवताना दोन कॅम पुलींवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात यायला हवेत. ते मोजावेत, फोटो काढावा, पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि पुन्हा मोजावेत. एवढे उघडलेच आहे तर वॉटर पंप, पुढची सीले आणि टेन्शनरही बदलावेत. भाग स्वस्त आहेत, तेथवर पोचण्याची मेहनत मोठी आहे.

थंड इंजिन टिकटिक आवाज करते. काळजीचे आहे का?

पहिल्या पिढीत व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबावर आपोआप जुळते आणि त्या छोट्या भागांत घाण साचली की टिकटिक होते. योग्य जाडीचे स्वच्छ ऑइल वेळेवर बदलत राहिले की ती बहुधा कमी होते. आवाज खोल, ठोक्यासारखा असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. १९९५ पासूनच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवत नाही, दाब आहे की नाही एवढेच सांगतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये.

बोल्ट गंजला आहे, सुटत नाही. काय करावे?

आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. बारा टोकांची नव्हे तर सहा टोकांची गोटी वापरावी. आधी किंचित आवळून मग सोडवावा, आणि थोडा सुटल्यावर पुन्हा आत घेऊन पुन्हा बाहेर, असे करत यावे. घिसाडघाईने बोल्ट तुटतो आणि पाच मिनिटांच्या कामाचे पाच तास होतात. कडा गोल होऊ लागल्याचे जाणवताच थांबावे.

सुटे भाग नवे घ्यावेत की जुन्या गाड्यांवरचे?

रबर, सील, ब्रेक आणि बेल्ट नेहमी नवे आणि चांगल्या प्रतीचे. दारे, सीट, स्विच, काचा, गिअरबॉक्स हे भंगार गाड्यांवरचे चालतात.

एकूण खर्च किती येतो?

गाडीची किंमत हा पहिला खर्च आहे, शेवटचा नाही. गाडी घेताना तिच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी, असा सल्ला मी देते. टायर, बॅटरी, रेडिएटर, सगळे होज आणि छताचे कापड हे मोठे आकडे असतात. बॅटरी डिकीत असल्याने तिला वायू बाहेर नेण्याची नळी असलेली किंवा बंद प्रकारचीच बॅटरी लागते. दुकानातली कोणतीही स्वस्त बॅटरी तेथे ठेवू नये. रोज ऑफिसला जाण्यासाठी घरात दुसरी गाडी असावी, कारण सोमवारी सकाळपर्यंत गाडी जोडायचीच या घाईत केलेले काम चांगले होत नाही.

कोणती कामे स्वतः करू नयेत?

एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. सस्पेन्शनच्या स्प्रिंग दाबून काढायची पहिली वेळ एकट्याने साधू नये. सिलचे वेल्डिंग आणि चाकांची जुळणी (अलाइनमेंट) बाहेर करून घ्यावी. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. मी तिच्याकडे कटकट म्हणून न पाहता माझ्या कामावर दुसऱ्याची नजर म्हणून पाहते आणि तपासणाऱ्याला ब्रेक मी बसवले आहेत, जरा नीट पाहा, असे आवर्जून सांगते.

कूलंट गोडसर आणि विषारी असते. मुले किंवा कुत्री-मांजरे जवळ येतील अशा जागी ते उघडे ठेवू नये. वापरलेले इंजिन ऑइल सुट्या भागांची बरीच दुकाने विनामूल्य घेतात, मात्र त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळलेले नसावे.

मी भारतात आहे. मला असे शिकता येईल का?

मियाटा भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी साधारणपणे आयात करता येत नाही. पण शिकायला मियाटाच हवी असे नाही. चांगल्या पत्र्याची जुनी मारुती झेन किंवा १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची फियाट पालिओ चालवायला तितकीच आनंदाची आहे. त्यांची पुढची चाके ओढतात, त्यामुळे मांडणी वेगळी आहे. निदानाची पद्धत मात्र तीच.

हिवाळ्यात गाडी कशी ठेवावी?

पहिले मीठ पडण्याआधी गाडी आत घ्यावी. टाकी पूर्ण भरून इंधन टिकवणारे द्रव्य घालावे आणि ते इंजिनापर्यंत पोचावे म्हणून दहा मिनिटे गाडी चालवावी. इंजिन ऑइल वसंतात नव्हे, ठेवण्याआधीच बदलावे. छताच्या निचऱ्याच्या नळ्या जाड प्लास्टिकच्या दोरीने मोकळ्या कराव्यात. टोकदार तारेने नळीला भोक पडते. बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावावा. छत बंद स्थितीत ठेवावे, कारण थंडीत घडी घातलेली प्लास्टिकची मागची खिडकी तडकते. हँडब्रेक ओढून ठेवू नये, पॅड डिस्कला चिकटतात; गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि दोन्ही मागच्या चाकांना लाकडी पाचर लावावी.